महिन्याला २३ लाख पगार, घर फुकट! कोरियात इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या हातात खरंच किती उरतं?

महिन्याला २३ लाख पगार. राहायला घर फुकट. जायचा-यायचा खर्च वेगळा. आणि आठवड्याला शिकवायचे तास फक्त २२.

अशी जाहिरात समोर आली तर कुणीही ती दोनदा वाचेल. विशेष म्हणजे जाहिरात खोटी नाही. फक्त हे २३ लाख रुपये नाहीत, वॉन आहेत. साधारण १६ वॉन म्हणजे एक रुपया. म्हणजे २३ लाख वॉनचे झाले १ लाख ४० हजार रुपयांच्या आसपास.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, दक्षिण आफ्रिका अशा देशांतले हजारो पदवीधर तरुण या पगारावर दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवतात. कुणाला शिक्षणासाठी काढलेलं कर्ज फेडायचं असतं, कुणाला दोन-तीन वर्षांत गाठीला पैसे बांधून परत जायचं असतं. काही जण खरोखर पैसे घेऊन परततात, तर काही जण तेवढ्याच पगारावर काम करून रिकाम्या हातानं परततात.

हा फरक कशामुळं पडतो, तेच बघू.

या नोकऱ्या असतात कुठं?

कोरियात इंग्रजी शिक्षकासाठी दोन मोठे दरवाजे आहेत.

पहिला सरकारी शाळांचा. कोरिया सरकारनं १९९५ मध्ये 'एपिक' नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यातून परदेशी शिक्षक सरकारी शाळांत नेमले जातात. ते कोरियन शिक्षकाच्या जोडीनं वर्ग घेतात. आठवड्याला तास २२ असले तरी शाळेत रोज आठ तास थांबावं लागतं. नवख्याचा पगार साधारण २२-२३ लाख वॉनपासून सुरू होतो. येताना आणि काँट्रॅक्ट संपवून जाताना प्रवासासाठी १३-१३ लाख वॉन मिळतात, संसार मांडायला सुरुवातीला ३ लाख वॉन.

दुसरा दरवाजा 'हागवॉन'चा. हागवॉन म्हणजे खासगी क्लास. लातूर आणि कोटा जसं क्लासच्या जिवावर चालतं, तसं कोरियात जवळपास प्रत्येक गल्लीत चालतं. इथं पगार सरकारी शाळेइतका किंवा थोडा जास्त, पण तासही जास्त आणि सुट्ट्या कमी. मुख्य म्हणजे इथं सगळं मालकावर अवलंबून असतं.

२३ लाखांतून हातात किती पडतात?

पगारातून आधी राष्ट्रीय पेन्शनची कपात होते. आपल्या पीएफसारखंच, काही भाग शिक्षकाचा आणि तेवढाच मालकाचा. २०२५ मध्ये शिक्षकाचा वाटा ४.५ टक्के होता, २०२६ पासून तो टप्प्याटप्प्यानं वाढतोय. मग आरोग्य विम्याचे साधारण साडेतीन टक्के, तेवढेच मालकाचे. त्यावर थोडा आयकर. २०२५ च्या दरानं हिशोब केला, तर २३ लाखांतले हातात येतात साधारण साडेवीस लाख.

आता खर्च. एकटा माणूस, साधं राहणीमान, घर शाळेचं. वीज, गॅस आणि इमारतीचा मेंटेनन्स मिळून लाख-सव्वा लाख वॉन. हिवाळ्यात हा आकडा फुगतो, कारण कोरियन घरांत जमिनीखालून गरम पाणी फिरवून खोली उबदार ठेवतात आणि त्याचं गॅसबिल भाडेकरूच भरतो. मोबाइल-इंटरनेटचे साठ-सत्तर हजार. प्रवास तसा स्वस्त, सोलच्या मेट्रोचं किमान तिकीट २०२५ पासून १,५५० वॉन, म्हणजे शंभर रुपयांच्या आतच.

खाण्याचं गणित मात्र उलटं आहे. शाळेत दुपारचं जेवण माफक दरात होतं. बाहेर भात-भाजी गुंडाळलेला किम्बापचा रोल साडेतीन-चार हजार वॉनला मिळतो. पण घरी फळं आणायची म्हटली की खिसा कापला जातो. २०२४ च्या मार्चमध्ये कोरियात सफरचंदाचे भाव आदल्या वर्षीच्या तुलनेत तब्बल ८८ टक्क्यांनी वर गेले होते. सवयीचं चीज आणि ब्रेड शोधणाऱ्याचा खर्च कोरियन जेवण शिकून घेणाऱ्यापेक्षा सहज वाढतो. खाण्यापिण्याचे पाच-सहा लाख आणि हिंडण्याफिरण्याचे दोन-अडीच लाख धरले, तर एकूण खर्च होतो दहा-साडेदहा लाख.

म्हणजे नीट राहिलं तर महिन्याला दहा लाख वॉन, सुमारे ६० हजार रुपये शिल्लक. पण हे गणित एकाच अटीवर जमतं, घर शाळेनं दिलं पाहिजे.

सगळा खेळ घराचा

कोरियात घर भाड्यानं घेणं म्हणजे नुसतं भाडं देणं नव्हे. तिथं 'जोनसे' नावाची पद्धत आहे. मालकाला सुरुवातीला मोठी रक्कम द्यायची, महिन्याचं भाडं शून्य, आणि घर सोडताना रक्कम परत. मुंबईकरांना हे ओळखीचं वाटेल, कारण हे आपलं 'हेवी डिपॉझिट'च.

दुसरी पद्धत 'वोलसे'. डिपॉझिट कमी आणि दर महिन्याला भाडं. पण हे कमी डिपॉझिटही सोलमध्ये एका खोलीसाठी ५० लाख ते १ कोटी वॉन असतं. म्हणजे तीन ते सहा लाख रुपये. वर महिन्याला सहा-सात लाख वॉन भाडं. नुकताच कॉलेजमधून बाहेर पडलेला, डोक्यावर कर्ज असलेला पोरगा परक्या देशात उतरल्या उतरल्या हे पैसे कुठून आणणार?

म्हणून नोकरीबरोबर येणारं घर ही सवलत नसून पगाराचाच मोठा हिस्सा आहे. काही ठिकाणी शाळा घराऐवजी भत्ता देते. एपिकमध्ये हा भत्ता महिन्याला ४ लाख वॉनच्या आसपास असतो. लहान गावात तेवढ्यात भागतं. सोलमध्ये वरचे दोन-तीन लाख खिशातून जातात, आणि डिपॉझिट उभं करावं लागतं ते वेगळंच. घरही नाही आणि भत्ताही नाही, असं काँट्रॅक्ट असेल तर दहा लाखांची शिल्लक तीन-चार लाखांवर येते.

अकराव्या महिन्याची भीती

कोरियन कायद्यानुसार एक वर्ष पूर्ण काम केलं की नोकरी सोडताना साधारण एका महिन्याचा पगार वेगळा द्यावा लागतो. आपल्याकडच्या ग्रॅच्युइटीसारखाच हा प्रकार, फक्त पाच वर्षं थांबायची गरज नाही.

त्यात पेन्शनची भर पडते. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांना देश सोडताना पेन्शनमध्ये जमा झालेले दोन्ही वाटे एकरकमी परत मिळतात. २३ लाख पगारावर ९ टक्क्यांनी वर्षाचे होतात जवळपास २५ लाख वॉन. म्हणजे अमेरिकन शिक्षक वर्ष संपवून निघताना पगाराशिवाय ४८ लाख वॉन, सुमारे तीन लाख रुपये घेऊन निघू शकतो. ब्रिटिश शिक्षकाला मात्र हा परतावा मिळत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या शिक्षकाच्या पगारातून पेन्शनची कपातच होत नाही, त्यामुळं त्याच्या हातात महिन्याला थोडे जास्त येतात आणि शेवटी परतावा नसतो. एकाच स्टाफरूममध्ये बसणाऱ्या तिघांचं गणित पासपोर्टप्रमाणं असं बदलतं.

पण नोकरी सोडतानाच्या त्या वेगळ्या पगारासाठी वर्ष पूर्ण व्हावं लागतं, आणि गोम तिथंच आहे. काही खासगी क्लास दहाव्या-अकराव्या महिन्यात काहीतरी कारण काढून शिक्षकाला घरी पाठवतात. वर्ष पूर्ण झालं नाही की महिन्याचा पगार वाचला. दुसरी युक्ती म्हणजे कागदावर शिक्षकाला नोकर न दाखवता स्वतंत्र व्यावसायिक दाखवायचं आणि पगारातून फक्त ३.३ टक्के कर कापायचा. शिक्षकाला वाटतं, कपात कमी म्हणजे फायदा. प्रत्यक्षात पेन्शनमधला मालकाचा वाटा, विम्याचा अर्धा भाग आणि शेवटचा पगार या तिन्हींवर पाणी सोडावं लागतं. कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयानं अशा प्रकरणात परदेशी शिक्षक हे कर्मचारीच आहेत असा निकाल दिलेला आहे. पण कोर्टात जायला वेळ आणि व्हिसा दोन्ही लागतात.

व्हिसाचीच तर खरी अडचण असते. इंग्रजी शिक्षकाचा 'ई-२' व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. मध्येच दुसरीकडे जायचं तर साधारणपणे जुन्या मालकाचं संमतीपत्र लागतं. घरही त्याचंच. म्हणजे भांडण झालं तर नोकरी, छप्पर आणि देशात राहायची परवानगी एकाच वेळी पणाला लागते.

पगार जागेवर, किमान वेतन पुढे

२०१५ मध्ये कोरियात किमान वेतन तासाला ५,५८० वॉन होतं. पूर्णवेळ कामाचे महिन्याला साधारण ११ लाख ६६ हजार. तेव्हा नवखा इंग्रजी शिक्षक २०-२१ लाख घ्यायचा, म्हणजे किमान वेतनाच्या पावणेदोन पट.

२०२५ मध्ये किमान वेतन झालं तासाला १०,०३० वॉन. महिन्याचे जवळपास २१ लाख. नवख्या शिक्षकाचा पगार मात्र २२-२३ लाख. दुकानात पूर्णवेळ काम करणारा आणि पदवी घेऊन हजारो किलोमीटरवरून आलेला शिक्षक, यांच्या पगारात आता जेमतेम एक-दोन लाख वॉनचं अंतर उरलंय. शिक्षकाला घर मिळतं हा फरक आहेच, पण दहा वर्षांपूर्वीही ते मिळत होतं.

असं का झालं? एक तर यायला तयार असलेल्यांची कमी नाही. दुसरं, व्हिसा बांधलेला असल्यामुळं पगारावर घासाघीस करता येत नाही. आणि तिसरं म्हणजे शिकायला मुलंच कमी होत चालली आहेत. २०२३ मध्ये कोरियाचा जननदर ०.७२ पर्यंत घसरला होता. वर्गच रिकामे व्हायला लागले तर शिक्षकाचा भाव वाढणार कसा?

पगार तोच, पण किंमत वेगळी

हिशोबात आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे पैसे कुठं पाठवायचे आहेत. याचं उत्तम उदाहरण शेजारच्या जपानमध्ये आहे. तिथला सरकारी 'जेट' कार्यक्रम १९८७ पासून चालू आहे. २०१२ पासून पहिल्या वर्षाचा पगार वर्षाला ३३ लाख ६० हजार येन होता आणि तो बारा-तेरा वर्षं हललाच नाही.

२०१२ मध्ये एका डॉलरला साधारण ८० येन पडायचे, म्हणजे हा पगार ४२ हजार डॉलरचा होता. २०२४ मध्ये डॉलर १५० येनच्या आसपास गेला आणि तोच पगार २२ हजार डॉलरवर आला. अमेरिकेतलं कर्ज फेडणाऱ्याचा पगार न कापताच निम्मा झाला. दक्षिण आफ्रिकेचा रँड मात्र येनपेक्षाही घसरला होता, त्यामुळं तिथल्या शिक्षकाला त्याच पगाराचे रँड उलट जास्त मिळायला लागले. शेवटी एप्रिल २०२५ पासून जपाननं पहिल्या वर्षाचा पगार ४० लाख २० हजार येन केला. पण इथं घरभाडं साधारणपणे शिक्षकालाच भरावं लागतं. काही ठिकाणी नगरपालिका मदत करते, काही ठिकाणी करत नाही.

भारतीयांना संधी आहे का?

कोरियाचा ई-२ व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. इंग्रजी किती फाडफाड येतं याआधी पासपोर्ट बघितला जातो. भारतासाठी मात्र एक खिडकी उघडी आहे. भारत-कोरिया व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यानुसार पदवी आणि इंग्रजी शिकवण्याची अधिकृत पात्रता असलेल्या भारतीयांना तिथल्या शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून काम करता येतं. म्हणजे नुसत्या पदवीवर आणि ऑनलाइन सर्टिफिकेटवर 'कोरियात इंग्रजी शिकवा' असं सांगून कुणी लाखभर रुपये मागत असेल, तर आधी थांबलेलं बरं. या धंद्यात एजंटचं कमिशन सहसा शाळा देते, शिक्षक नाही.

आणि पात्रता असेल तर काँट्रॅक्टमधला पगाराचा आकडा सगळ्यात शेवटी बघावा. आधी बघावं की घर कोण देणार, डिपॉझिट कुणाच्या नावानं भरलं जाणार, पेन्शन आणि विमा दोन्ही आहेत का, आणि काँट्रॅक्ट पूर्ण बारा महिन्यांचं आहे की एखादा दिवस कमी. शिवाय पहिला पगार महिन्यानंतर होतो, तोवरचा खर्च घरूनच न्यावा लागतो. तो खर्च वजा केल्याशिवाय २३ लाखांचं गणित सुरूच होत नाही.