सोयाबीनमधलं ‘पेप्टाइड’: डबा घ्यायचा की दाणा जपायचा?



परवा संकलन केंद्रावर एका काकांनी मोबाईलवर जाहिरात दाखवली. ‘सोया पेप्टाइड, भरपूर अँटिऑक्सिडंट’. म्हणाले, “हे आपल्याच सोयाबीनचं ना? मग आपल्याला काय मिळतं? आणि घरच्यांच्या शुगरसाठी हा डबा घेऊ का?” प्रश्न बऱ्याच जणांचा असेल, म्हणून आज फवारणीऐवजी यावर बोलू.

*पेप्टाइड म्हणजे काय?*
सोयाबीनमध्ये साधारण 40 टक्के प्रथिनं असतात. प्रथिन म्हणजे दोऱ्याची घट्ट गुंडी समजा. कारखान्यात तेल काढलेल्या पेंडीतून प्रथिन वेगळं करतात आणि एन्झाइम वापरून त्या दोऱ्याचे बारीक तुकडे करतात. हे तुकडे म्हणजे पेप्टाइड.

गुंडीच्या आत दडलेली टायरोसिन, हिस्टिडिनसारखी अमिनो आम्लं तुकडे झाल्यावर उघडी पडतात. तेल हवेनं खवट होतं तशीच क्रिया शरीरातही चालते. तिला अटकाव करतं ते अँटिऑक्सिडंट. सोया पेप्टाइडमध्ये हा गुण प्रयोगशाळेत दिसला आहे, ते खोटं नाही.

*मग डबा घ्यायचा का?*
परीक्षानळी वेगळी, पोट वेगळं. खाल्लेल्या पेप्टाइडचे पोटात आणखी तुकडे होतात, रक्तात जसंच्या तसं फार थोडं पोचतं. त्यामुळे डब्याच्या भरवशावर डॉक्टरांची गोळी *अजिबात बंद करू नका.* डाळ, उसळ खाल्ली तरी आपलं पोट प्रथिनांचे असेच तुकडे करतं. सोयाबीन खायचं तर भिजवून, 20 मिनिटं उकळून, वाळवून मगच दळा. 9 किलो गव्हाला 1 किलो पुरे. कच्चं दळू नका, त्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही.

*आपल्या हातात काय?*
पेप्टाइड बनवणं आपल्या अंगणातलं काम नाही. पण ते ज्या प्रथिनातून बनतं, ते चांगलं ठेवणं आपल्याच हातात आहे. ओल्या ढिगात दाणा तापतो, बुरशी धरते, तेल खवट होतं आणि प्रथिनाची पाण्यात विरघळण्याची ताकद कमी होते. असा माल प्रक्रियावाल्याला नको असतो.

✅ कापणीनंतर ओला ढीग ताडपत्रीखाली कोंडू नका. ऊन पडलं की पसरा.
✅ बियाण्यासाठी ठेवायचं असेल तर मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला 350 ते 400 ठेवा. डाळ कमी होते.
✅ ओलावा 12 टक्क्यांच्या आत आणा. सरकारी खरेदीलाही हीच अट आहे. दाताखाली दाणा ‘कट्’ वाजला तरी खात्री मीटरवरच करा.
✅ पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब. नवा माल जुन्यात मिसळू नका.

पेप्टाइडच्या नावानं उद्या आपल्याला जादा भाव मिळेल, असं मी सांगणार नाही. पण ओलाव्यापायी होणारी कपात मात्र यंदाच वाचवता येईल.

माल भरण्याआधी मूठभर नमुना केंद्रावर घेऊन या, मीटरवर लगेच बघू.

— तुमचा कृषी सल्लागार 🌱