रजोदर्शन, किशोरी आणि वैद्याचे कर्तव्य

स्त्रीशरीरात रजःप्रवृत्ती साधारणतः बाराव्या वर्षी सुरू होते व पन्नासाव्या वर्षाच्या सुमारास थांबते, असे सुश्रुताचार्यांनी नमूद केले आहे. आजच्या निरीक्षणांशीही हे बरेचसे जुळते. स्त्रीच्या आयुष्यातील सुमारे अडतीस वर्षे ज्या शरीरक्रियेने व्यापलेली असतात, तिची पहिली ओळख मुलीला सहावी-सातवीत असताना होते. ही ओळख कोण करून देते, कोणत्या शब्दांत करून देते आणि पाळी येण्यापूर्वी की नंतर, यावर तिचे पुढील आरोग्य आणि स्वतःच्या शरीराविषयीची तिची धारणा पुष्कळ अंशी अवलंबून असते.

आपल्या चिकित्सालयात किशोरी येते ती बहुधा आईबरोबर, आणि तक्रार सांगते ती आई. मुलगी खाली मान घालून बसलेली असते. तिला बोलते करणे हे चिकित्सेचेच एक अंग आहे, असे आम्ही मानतो. प्रस्तुत लेखात या विषयाचा शास्त्रीय, सामाजिक व व्यावहारिक अशा तिन्ही अंगांनी विचार करण्याचे योजिले आहे.

शास्त्रदृष्टी

रज हा रसधातूचा उपधातू होय. रसाची उत्पत्ती आहारापासून व अग्नीच्या बलावर होते. त्यामुळे पाळीच्या तक्रारी घेऊन आलेल्या मुलीच्या बाबतीत पहिला प्रश्न गर्भाशयाचा नसून तिच्या ताटाचा असतो. सकाळी उपाशीपोटी शाळेत जाणे, मधल्या सुट्टीत पाकिटबंद तिखट पदार्थ खाणे आणि रात्री भावंडांनंतर उरलेले जेवणे या दिनचर्येत रसधातू पुष्ट होणार कसा?

शुद्ध आर्तवाची जी लक्षणे संहितांत आहेत ती विद्यार्थिनींना समजावून सांगण्यास अतिशय सोयीची आहेत. दर महिन्याला येणारे, दाह व वेदनारहित, चिकट नसलेले, फार अल्प नाही व फार अधिक नाही असे, सुमारे पाच दिवस राहणारे आणि वस्त्रावरून धुतल्यावर डाग न ठेवणारे ते शुद्ध आर्तव. हा मापदंड मुलीच्या हाती दिला की ती स्वतःच आपल्या पाळीची परीक्षा करू शकते. मात्र एक गोष्ट आवर्जून सांगावी. रजोदर्शनानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत बीजोत्सर्ग नियमित नसल्याने पाळी पुढे-मागे होते. या काळात २१ ते ४५ दिवसांचे अंतर व २ ते ७ दिवसांचा स्राव हे प्राकृत समजावे. हे ठाऊक नसल्यामुळे अनेक आया घाबरून मुलीला ‘पाळी आणण्याच्या’ गोळ्या सुरू करण्याचा आग्रह धरतात.

रजस्वला परिचर्येचा संदर्भ

हा मुद्दा आपल्या व्यवसायबंधूंसाठी महत्त्वाचा आहे. पाळीच्या तीन दिवसांत स्नान, अंजन, दिवास्वाप, अभ्यंग, धावणे इत्यादी वर्ज्य करावे, असे जे वर्णन येते त्याचा आधार घेऊन ‘आयुर्वेदातच सांगितले आहे’ असे घरोघरी म्हटले जाते, आणि कधी कधी वैद्यही त्यास मान डोलावतात. परंतु ते वर्णन गर्भाधानाच्या प्रकरणात आले आहे. नियम मोडल्यास सांगितलेले परिणाम होणाऱ्या अपत्याविषयीचे आहेत. चौथ्या दिवशी स्नान करून पतीस भेटणाऱ्या, अपत्याची इच्छा असणाऱ्या स्त्रीसाठी ती परिचर्या आहे. बारा वर्षांच्या शाळकरी मुलीला तिचा हवाला देऊन तीन दिवस आंघोळ न करू देणे, हा संदर्भ सोडून केलेला अर्थ होय.

लोणचे नासते, तुळस करपते, भांड्याला शिवू नये, शाळेत जाऊ नये या समजुतींना तर आयुर्वेदाच्या संहितांत आधारच नाही. विटाळाची कल्पना हा धर्माचाराचा विषय आहे, चिकित्सेचा नव्हे. ती पाळावी की नाही हे कुटुंबाने ठरवावे, परंतु तिच्यावर वैद्यकाचा शिक्का उमटविण्याचे काम वैद्याने करू नये. गडचिरोली जिल्ह्यातील माडिया-गोंड वस्त्यांत पाळीच्या दिवसांत स्त्रियांनी वेगळ्या कुर्माघरात राहण्याची रूढी आहे, असे ऐकले की शहरातील सुशिक्षितांना नवल वाटते. ‘बाजूला बसणे’ मात्र पुण्या-मुंबईच्या सदनिकांतही अद्याप संपलेले नाही.

परिचर्येतील ग्राह्य अंश अवश्य घ्यावा. या काळात अपानवायूला विरोध होईल असे वेगधारण, अतिश्रम, जागरण व रूक्ष, विदाही आहार टाळावा. लघु व उष्ण अन्न घ्यावे. विश्रांती मुलीस हवीशी वाटली तर ती मिळावी. विश्रांती आणि वेगळे बसविणे यांतील फरक मुलीला बरोबर कळतो.

अज्ञानाचे मोल

शरीराविषयी लहानपणी न मिळालेल्या ज्ञानाचे मोल स्त्री पुढे किती मोजते याचे विदारक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. शासनाने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे सुमारे १७ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढल्याचे आढळले. यामागे अनेक कारणे होती. पाळीत एक दिवस काम बुडाले तरी मुकादमाचा दंड, फडात शौचालय नाही, पाणी नाही, लहान वयातील विवाह व बाळंतपणे. त्यात भर पडली ती ‘पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कर्करोग होईल’ या भीतीची. अंगावरून पांढरे जाणे व पोटदुखी यांवर पुष्कळदा साधे उपचार पुरतात, आणि शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या वैद्याचे मत घेता येते, हे ज्या मुलीला चौदाव्या वर्षी सांगितले गेले असेल ती पंचविसाव्या वर्षी निदान प्रश्न तरी विचारील.

दुसरे मोल पांडुरोगाचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ (२०१९-२१) नुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. मागील पाहणीपेक्षा हे प्रमाण वाढले आहे. त्याच पाहणीत १५ ते २४ वयोगटातील ७७ टक्के स्त्रिया पाळीत स्वच्छ साधने वापरतात असे दिसले. २०१५-१६ मध्ये हेच प्रमाण सुमारे ५८ टक्के होते. याचा अर्थ स्पष्ट आहे. पॅड पोहोचले, परंतु पोषण पोहोचले नाही. केवळ पॅडवाटपाचे कार्यक्रम करून छायाचित्रे काढणाऱ्या संस्थांनी, आणि आपल्या संघटनेच्या शाखांनीही, याचा विचार करावा.

शाळेत काय सांगावे

एका तासाच्या व्याख्यानाने हे काम होत नाही. मुली ऐकतात, हसतात, आणि खरा प्रश्न मनातच ठेवून घरी जातात. आमच्या मते पंधरा दिवसांच्या अंतराने किमान सहा बैठका घ्याव्यात व त्या सहावीपासूनच सुरू कराव्यात.

पहिल्या बैठकीत शरीररचना व पाळी का येते, हे साध्या चित्रांच्या साहाय्याने सांगावे. दुसरीत दिनदर्शिकेवर पाळीची नोंद कशी ठेवावी ते शिकवावे. तिसरीत स्वच्छता घ्यावी. पॅड असो वा घरचे सुती कापड, ते साधारण चार ते सहा तासांनी बदलावे. कापड साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे. कापड वापरणे वाईट नाही. ते लाजेपोटी पलंगाखाली किंवा इतर कपड्यांच्या आड ओलसर वाळविणे वाईट आहे. योनीच्या आतील भाग साबणाने वा सुगंधी द्रव्यांनी धुऊ नये, हेही सांगावे.

चौथी बैठक आहाराची. बाजरी, मोड आलेली कडधान्ये, पालेभाज्या, तीळ, खजूर, अळिवाची खीर हे आपल्याकडील स्वस्त पदार्थ आहेत. त्यांच्याबरोबर आवळा वा लिंबू घेतल्यास लोहाचे शोषण सुधारते, तर जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने ते घटते. शाळेतून दर आठवड्यास मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. ती उपाशीपोटी घेतल्याने मळमळ होते व मग मुली गोळी फेकून देतात. जेवणानंतर घेण्यास सांगावे. या गोळ्या बंद करण्याचा सल्ला वैद्यांनी देऊ नये. लोहकल्पांची योजना करावयाची असल्यास रुग्णा आधीपासून काय घेत आहे ते विचारून व रक्त तपासून मगच करावी.

पाचवी बैठक वेदना व शंकांची. वर्गात एक प्रश्नपेटी ठेवावी व त्यात नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकाव्यात. सहावी बैठक आई, शिक्षिका व मुली यांची एकत्रित असावी. मुलग्यांसाठीही एक स्वतंत्र तास अवश्य ठेवावा. ज्या वर्गात डाग पडलेल्या मुलीची चेष्टा होते, त्या वर्गात मुलींना कितीही शिकविले तरी त्या पाळीच्या दिवसांत घरीच राहतात.

मार्गदर्शक ताई

वैद्य महिन्यातून एकदा येईल, मुलीचा प्रश्न मात्र त्या दिवसाची वाट पाहत नाही. म्हणून गावातीलच एखादी विश्वासू ताई या कामात हवी. याचा उत्तम पाठ पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने घालून दिला आहे. तत्कालीन औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण तालुक्यात या संस्थेने अविवाहित किशोरींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्य वर्ग चालविला. रोज सायंकाळी एक तास, आठवड्यातून पाच दिवस. शिकविणाऱ्या स्त्रिया गावातल्याच, थोड्याफार शिकलेल्या. विषय केवळ आरोग्याचा नव्हता. कायदा, बचत, पंचायत, संभाषण हेही त्यात होते. कार्यक्रमाच्या गावांत १९९७ ते २००१ या काळात मुलींच्या विवाहाचे मध्यम वय १६ वरून १७ वर गेले. एक वर्ष ही संख्या लहान दिसते. परंतु सोळाव्या वर्षी होणारे बाळंतपण एक वर्ष पुढे जाणे म्हणजे काय, हे आपणा वैद्यांस वेगळे सांगावयास नको. पुढे युनिसेफच्या साहाय्याने राज्यात राबविलेल्या ‘दीपशिखा’ कार्यक्रमातही गावातील तरुण ‘प्रेरिका’ मुलींचे गट चालवीत असत.

या दोन्ही प्रयोगांतून नेतृत्वाचा खरा अर्थ कळतो. नेतृत्व म्हणजे व्यासपीठावरील भाषण नव्हे. मुख्याध्यापकांकडे जाऊन शौचालयाला कडी, पाणी व झाकणाची कचरापेटी मागणाऱ्या चार मुली, मैत्रिणीचे लग्न ठरते आहे हे वेळीच सांगणारी मुलगी, धाकट्या बहिणीला पाळी येण्यापूर्वीच सारे समजावून देणारी मोठी बहीण, ह्या आरोग्याच्या नेत्याच होत. प्रत्येक वर्गातून दोन ‘आरोग्यसखी’ मुलींनीच निवडाव्यात, शिक्षिकांनी नेमू नयेत. अठराव्या वर्षाच्या आत विवाह झालेल्या स्त्रियांचे प्रमाण महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीतही सुमारे २२ टक्के होते. हे ध्यानी घेता अशा सखींची निकड वेगळी सांगावयास नको.

एक दक्षता आवश्यक आहे. मुली विश्वासाने बोलू लागल्या की कधी अत्याचाराची हकीकतही पुढे येते. अशा वेळी ती गोष्ट ‘घरातली’ म्हणून दाबू नये. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक सखींना तोंडपाठ असावा.

कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये

पंधराव्या वर्षापर्यंत रजोदर्शन न होणे, दोन पाळ्यांत तीन महिन्यांहून अधिक अंतर पडणे, सात दिवसांहून अधिक स्राव, दर एक-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजणे, घोरपणा, धाप वा चक्कर, तसेच शाळा बुडविणारी व उपचारांनी न थांबणारी वेदना या लक्षणांत सविस्तर तपासणी करावी. स्राव सुरू होताच शमणारी वेदना संहितांतील उदावर्तिनीशी जुळते. शेक, स्नेहन, अपानानुलोमन यांनी तिच्यात चांगला उपशय मिळतो. परंतु पहिल्या पाळीपासूनच अतिरक्तस्राव असल्यास केवळ असृग्दर म्हणून चिकित्सा करीत राहू नये. रक्त न गोठण्याचा उपजत विकार पुष्कळदा याच वयात प्रकट होतो. वेळेवर तज्ज्ञाकडे पाठविणे यात वैद्याचा कमीपणा नाही.

समारोप

आपल्या संघटनेचे सभासद तालुक्या-तालुक्यांत आहेत. प्रत्येकाने आपल्या परिसरातील एक शाळा दत्तक घेतली, वर्षातून सहा बैठका घेतल्या व शेवटी मुलींचे हिमोग्लोबिन तपासून नोंद ठेवली, तरी तीन वर्षांत आपल्या हाती विश्वसनीय अशी माहिती जमेल. शाखांनी या नोंदी या त्रैमासिकाकडे पाठवाव्यात. स्त्री वैद्यांची संख्या आज आपल्या महाविद्यालयांत मोठी आहे. त्यांनी या कामात पुढाकार घ्यावा, आणि पुरुष वैद्यांनी मुलग्यांचा तास स्वतःकडे घ्यावा, अशी आमची विनंती आहे. स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे आयुर्वेदाचे पहिले प्रयोजन. ते साधावयाचे तर रुग्णा होऊन येण्यापूर्वीच मुलीची आणि आपली भेट झाली पाहिजे.