पहिला थेंब कोणता?

1879 साली जर्मनीत थिओडोर लेबर या नेत्रतज्ज्ञाकडे एक शेतकरी आला. ओटची मळणी चालू असताना भुसा उडून त्याच्या डोळ्याला लागला होता. लेबरने बुबुळावरच्या जखमेतला अंश सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तिथे अ‍ॅस्परजिलस ही बुरशी वाढलेली. बुबुळात बुरशी रुजू शकते, याची वैद्यकातली ही पहिली नोंद मानली जाते.

ओटच्या जागी ऊस, भात किंवा ज्वारी धरली, तर तीच तक्रार घेऊन आजही सुगीत माणसे दवाखान्यात येतात. उसाचे पाते डोळ्यावर फटकन बसते, मळणीत कुसळ उडते. माणूस डोळा चोळतो, टॉवेलाने पुसतो आणि पुन्हा कामाला लागतो. दोन-चार दिवसांत डोळा लाल होतो, ठणकतो, सारखे पाणी येते, उजेड सोसवत नाही आणि बुबुळावर पांढरट ठिपका दिसू लागतो. हाच कॉर्नियल अल्सर, म्हणजे बुबुळावरची चिघळलेली जखम.

कॉर्निया हा डोळ्याच्या रंगीत भागावर घड्याळाच्या काचेसारखा बसलेला पारदर्शक भाग. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून उजेड आरपार जातो. पण जंतूंशी लढणाऱ्या पेशींची कुमकही त्यामुळेच उशिरा पोहोचते. मज्जातंतू मात्र दाटीवाटीने असतात. म्हणून बारीकसा ओरखडाही जीव नकोसा करतो. वरचा थर शाबूत असेपर्यंत बहुतेक जंतूंना आत शिरकाव मिळत नाही. तो खरवडला गेला की वाट मोकळी.

आपल्याकडे हा आजार किती आहे, याचा अंदाज मदुराई जिल्ह्याच्या अभ्यासावरून येतो. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीनुसार तिथे वर्षाला लाख लोकांमागे 113 जणांना कॉर्नियल अल्सर होत होता. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका भागात हेच प्रमाण लाखामागे 11 च्या आसपास होते. फरक आकड्यापुरता नाही. मदुराईच्या रुग्णांत जे जंतू सापडले त्यांत जिवाणू आणि बुरशी यांचा वाटा जवळपास सारखा निघाला. उष्ण, दमट हवा आणि मातीत राबणारे हात असतील, तिथे फ्युजेरियम आणि अ‍ॅस्परजिलस या बुरशी पाल्यापाचोळ्याबरोबर थेट डोळ्यात पोहोचतात.

म्हणूनच डोळ्यात पहिला थेंब कशाचा पडतो, याला फार महत्त्व आहे. घरात एरंडेल, मध, बाळंतिणीचे दूध किंवा झाडपाल्याचा रस घातला जातो. यातले काहीच निर्जंतुक नसते. त्याहून घातक ठरू शकते ती औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली स्टेरॉइडची बाटली. स्टेरॉइडने लाली ओसरते, ठणका कमी होतो आणि औषध लागू पडले असे वाटते. प्रत्यक्षात शरीराचा प्रतिकार दबलेला असतो आणि बुरशीला रान मोकळे मिळते.

नुसत्या नजरेने जंतू ओळखता येतो का? बुरशीच्या जखमेची कड पिसासारखी विस्कटलेली असते, आजूबाजूला छोटे ठिपके असतात, अशा खुणा डॉक्टरांना ठाऊक असतात. पण जखमांची छायाचित्रे दाखवून कॉर्नियातज्ज्ञांची परीक्षा घेतली, तेव्हा जिवाणू की बुरशी हे त्यांना सुमारे दोन-तृतीयांश वेळाच बरोबर सांगता आले. म्हणून तपासणीला पर्याय नाही.

ही तपासणी साधी असते. आधी फ्लुरेसीनची पिवळी-नारिंगी पट्टी पापणीच्या आत टेकवतात. निळा प्रकाश टाकला की जिथला थर गेला आहे तेवढाच भाग हिरवा चमकतो. मग डोळा बधिर करून डॉक्टर पात्याने जखमेची कड हलकेच खरवडतात आणि तो कण काचपट्टीवर घेतात. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की बुरशीचे फाटे फुटलेले तंतू काही मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकतात. जिवाणूंसाठी ग्रॅम रंगद्रव्य वापरतात. काही नमुना वाढवून पाहण्यासाठीही ठेवतात.

जिवाणू असतील तर मॉक्सिफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविके सुरुवातीला तासातासाला घालतात. बुरशीसाठी नॅटामायसिन. हे औषध जुने. व्होरिकोनॅझोल हे नवे औषध त्याला मागे टाकेल, अशी अपेक्षा होती. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत 323 रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल 2013 मध्ये आला आणि जुनेच औषध सरस ठरले, विशेषतः फ्युजेरियमविरुद्ध. 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नॅटामायसिनचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. बाटली हलवून घ्यावी लागते, डोळ्यात पांढरा थर साचतो आणि उपचार कित्येक आठवडे चालतात. हातावर पोट असलेल्याला ते जड जाते. बरे वाटले म्हणून मध्येच औषध सोडले, तर जखम पुन्हा उसळते. कॉर्नियाला भोक पडले किंवा औषध हरले, तर दात्याचा कॉर्निया बसवावा लागतो. जखम भरली तरी मधोमध फूल पडले, तर नजर अधू होते.

मग ओरखड्यावरच गाठले तर? नेपाळमधल्या भक्तपूरमध्ये गावोगावच्या स्वयंसेवकांनी डोळ्याला खरचटलेल्या 442 जणांना तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम लावले. 96 टक्के डोळे संसर्गाविना बरे झाले. 18 तासांच्या आत मलम सुरू झालेल्यांपैकी एकालाही अल्सर झाला नाही. तिथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पुढे नेपाळमध्येच झालेल्या मोठ्या चाचणीचा निकाल 2022 मध्ये आला. तीत अशा स्वयंसेवकांच्या गावांत आणि इतर गावांत अल्सरच्या प्रमाणात फरक आढळला नाही. स्वयंसेवक नेमले म्हणजे काम भागले, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

शहरात हा धोका कॉन्टॅक्ट लेन्समधून येतो. लेन्स घालून झोपणे, ती नळाच्या पाण्याने धुणे, डबी महिनोन्‌महिने न बदलणे यातून स्यूडोमोनास जिवाणू किंवा अकँथअमीबा हा पाण्यातला सूक्ष्मजीव आत शिरतो. स्यूडोमोनास दोन दिवसांत कॉर्निया वितळवू शकतो. लेन्स वापरणाऱ्याचा डोळा दुखून लाल झाला, तर लेन्स लगेच काढावी. फेकू नये, डबीसकट डॉक्टरांकडे न्यावी, म्हणजे तिचीही तपासणी करता येते.

शेतात काही लागले, तर डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा, पट्टी बांधू नये. रुतलेले कुसळ घरी काढू नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. जाताना तोवर डोळ्यात जे जे घातले असेल त्या सगळ्या बाटल्या आणि ट्यूब सोबत न्याव्यात. त्यात स्टेरॉइड होते की नाही, हे डॉक्टरांना आधी कळायला हवे असते.