तंत्रज्ञान क्षेत्रात विक्रीची पहिली नोकरी : पॅकेजपलीकडे काय पाहावे?

बंगळुरू : सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपन्यांना अभियंत्यांइतकीच ते विकणाऱ्यांचीही गरज असते. या कामासाठी अभियांत्रिकीची पदवी बहुधा अनिवार्य नसल्याने वाणिज्य, विज्ञान आणि कला शाखांच्या पदवीधरांसाठीही हे दार खुले आहे. १९९६ मध्ये सुरू झालेली झोहो आणि चेन्नईतच २०१० मध्ये स्थापन होऊन २०२१ मध्ये अमेरिकेतील नॅस्डॅक शेअर बाजारात नोंदणी झालेली फ्रेशवर्क्स यांसारख्या कंपन्यांनी भारतातून जगभरच्या ग्राहकांना सॉफ्टवेअर विकता येते, हे दाखवून दिले. मात्र पहिली नोकरी निवडताना अनेक उमेदवार केवळ वार्षिक पॅकेजची तुलना करतात. विक्रीच्या नोकरीत तोच आकडा सर्वाधिक फसवा ठरू शकतो.

पॅकेजची फोड

समजा, एका कंपनीने वार्षिक आठ लाख रुपये देऊ केले. त्यापैकी पाच लाख स्थिर वेतन आणि तीन लाख विक्रीचे लक्ष्य गाठल्यावर मिळणारी प्रोत्साहनपर रक्कम. दुसरीने साडेसहा लाखांचा प्रस्ताव दिला. त्यात साडेपाच लाख स्थिर आहेत. पहिल्या कंपनीत दरमहा हमखास मिळणारी रक्कम कपातीपूर्वी सुमारे ४१ हजार ६०० रुपये, तर दुसरीत सुमारे ४५ हजार ८०० रुपये होते.

येथे योजनेतील अटी निर्णायक ठरतात. किमान मर्यादेपेक्षा, उदाहरणार्थ लक्ष्याच्या ६० टक्क्यांपेक्षा, कमी विक्री झाल्यास काहीच न देण्याची अट काही योजनांत असते. अशा वेळी निम्मे लक्ष्य गाठणाऱ्याच्या हाती प्रोत्साहनपर रक्कम शून्य येते. मोठ्या ग्राहकाशी होणारा व्यवहार पूर्ण व्हायला अनेक महिने लागतात. त्यामुळे नव्या कर्मचाऱ्याला सुरुवातीचे काही महिने कमी लक्ष्य दिले जाते का, हे विचारणे आवश्यक आहे.

मुलाखतीत काय विचारावे?

या क्षेत्रातील सुरुवातीचे पद बहुधा ‘सेल्स डेव्हलपमेंट रिप्रेझेंटेटिव्ह’ या नावाने ओळखले जाते. संभाव्य ग्राहकांना फोन आणि ईमेल करून भेटी ठरवणे, हे त्याचे काम. प्रत्यक्ष व्यवहार पूर्ण करण्याची जबाबदारी ‘अकाउंट एक्झिक्युटिव्ह’कडे असते. म्हणूनच उमेदवाराने चार प्रश्न नेमकेपणाने विचारावेत. गेल्या वर्षी या टीममधील किती जणांनी लक्ष्य गाठले? संभाव्य ग्राहकांची माहिती कंपनी पुरवते, की ती स्वतः शोधावी लागते? पहिल्या तीन महिन्यांत प्रशिक्षण कोण देणार? आणि गेल्या वर्षभरात किती जण वरच्या पदावर गेले? ग्राहक अमेरिकेतील असतील, तर कामाच्या वेळाही विचारून घ्याव्यात. या प्रश्नांना आकड्यांऐवजी मोघम उत्तरे मिळत असतील, तर तीही एक माहितीच समजावी.

कंपनीच्या आकारापेक्षा तिचे उत्पादन महत्त्वाचे असते. मोठ्या कंपनीत प्रशिक्षणाची शिस्त आणि नावाचे वजन मिळते. नवउद्यमात कामाचा आवाका मोठा असतो. परंतु जुने ग्राहक वर्गणीचे नूतनीकरण करत नसतील, तर ते उत्पादन विकताना कुशल विक्रेत्याचीही दमछाक होते.

सार्वजनिक नोंदींचा आधार

कंपनीच्या दाव्यांची पडताळणी घरबसल्या करता येते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या स्थापनेची तारीख, भरणा झालेले भांडवल आणि शेवटचा ताळेबंद कधीचा आहे, ही प्राथमिक माहिती मिळते. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव शोधल्यास कोणत्या महिन्यात किती कर्मचाऱ्यांसाठी निधी भरला गेला, हे दिसते. काही कर्मचारी या योजनेबाहेर असू शकतात. म्हणून एका महिन्याच्या संख्येपेक्षा वर्षभरातील चढउतार पाहावा. संख्या सलग घटत असेल, तर मुलाखतीत कारण विचारावे.

बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना ‘सेबी’च्या नियमांनुसार व्यवसाय उत्तरदायित्व आणि शाश्वतता अहवाल द्यावा लागतो. कायम कर्मचाऱ्यांचे नोकरी सोडण्याचे प्रमाण त्यात नमूद असते.

स्वाक्षरीपूर्वी

नियुक्तिपत्र कंपनीच्याच नावाने आहे, की मनुष्यबळ पुरवणाऱ्या दुसऱ्या संस्थेच्या, हे तपासावे. प्रोत्साहनपर रकमेची योजना लेखी मागावी. ग्राहकाने करार मोडल्यास दिलेली रक्कम परत घेतली जाते का आणि ती हाती पडण्यापूर्वी राजीनामा दिल्यास काय होते, ही कलमे नीट वाचावीत.

ठरावीक काळ नोकरी करण्याचा बाँड कायद्यापुढे टिकतच नाही, हा समज चुकीचा आहे. व्यवसाय करण्यास प्रतिबंध करणारे करार भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार सर्वसाधारणपणे रद्दबातल ठरतात. तथापि, विजया बँकेच्या प्रकरणात किमान तीन वर्षे सेवा, अन्यथा दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. ते प्रकरण सार्वजनिक क्षेत्रातील बँकेचे होते. तरीही बाँडची रक्कम आणि मुदत पाहिल्याशिवाय स्वाक्षरी करू नये. नोकरीसाठी अनामत रक्कम किंवा मूळ प्रमाणपत्रे मागितली गेल्यास सावध व्हावे.

पुणे, बंगळुरू किंवा गुरुग्रामला नव्याने जाणाऱ्याने घरभाडे, प्रवास आणि शैक्षणिक कर्जाच्या हप्त्याचा हिशेब केवळ स्थिर वेतनावर मांडावा. त्या रकमेत महिना निभत नसेल, तर मोठ्या पॅकेजच्या प्रस्तावाचाही फेरविचार करणे हिताचे ठरेल.