पळसदेवची जास्वंद

बारामतीला माझ्या अंगणात पाच पाकळ्यांची तांबडी जास्वंद आहे. तिचे मूळ गाव पाण्याखाली आहे. इंदापूर तालुक्यातले जुने पळसदेव उजनीच्या फुगवट्यात बुडाले. धरण १९८० साली पूर्ण झाले. उन्हाळ्यात पाणी फार उतरले, की तिथले पळसनाथाचे देऊळ उघडे पडते.

गाव उठताना एका बाईंनी दारच्या जास्वंदीच्या चार फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून नेल्या. पुढे बँकेच्या वसुलीसाठी मी नव्या गावठाणात त्यांच्या दारी गेलो. हप्ता मिळाला नाही, फांदी मिळाली. ''सायेब, गणपतीला लावा की,'' म्हणाल्या.

जास्वंदीला आपल्याकडे बी क्वचितच धरते. ती वाढते फांदीवर, आणि फांदीचे झाड म्हणजे मूळ झाडाचे मूल नव्हे, तेच झाड!

गेल्या वर्षी त्यांचा नातू आला. आजी गेल्या होत्या, रस्त्याच्या कामात त्यांचे झाडही गेले होते. त्याला फांदी हवी होती. इकडे माझे झाड पिठ्या ढेकणाने खंगलेले. कशाबशा दहा चांगल्या फांद्या निघाल्या.

त्या मी अंगणातल्या काळ्या मातीत खोचल्या आणि दोन्ही वेळ पाणी घातले. ही माती पाणी धरून बसते, आणि फांदीच्या बुडाला पाण्याइतकीच हवा लागते. पंधरा दिवसांत सात कुजल्या. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात अती पाण्याने चोपण झालेली शिवारे पाहत नोकरी केली, तरी ही अक्कल!

उरलेल्या तिन्ही उपटून डोळ्याखाली नवा तिरपा काप घेतला. वरची दोन पाने निम्मी कापून ठेवली, बाकीची काढली. वाळू आणि नारळाचा भुसा भरलेल्या कुंड्यांत त्या लावल्या, वर प्लॅस्टिकची पिशवी, जागा सावलीची. तिसऱ्या आठवड्यात पालवी फुटली. ही पालवी फसवी असते. फांदीत साठलेल्या अन्नावर ती फुटते, खाली मूळ नसतेही. उपटून पाहण्याचा मोह मला एकदा आवरला नाही. ती फांदी गेली.

सहाव्या आठवड्यात एका कुंडीच्या भोकातून पांढरे मूळ डोकावले, चार दिवसांनी दुसऱ्या. नातू एक कुंडी मोटारसायकलवर, मांडीत धरून घेऊन गेला.

परवा त्याचा फोन आला, ''साहेब, कळी आलीय.''

''खुडून टाक. झाड लहान आहे अजून.''

त्याने ती खुडली नाही.