रणगाड्यांचं नगर

विजापूरला गेलेला मराठी माणूस मुलुखमैदान तोफ पाहिल्याशिवाय परतत नाही. सिंहाच्या जबड्यासारखं तिचं तोंड आणि सुमारे ५५ टन वजन पाहून सगळेच थक्क होतात. पण ही तोफ विजापूरची नव्हे. ती १५४९ साली नगरला, निजामशाहीच्या राजधानीत ओतली गेली. नगरहून परांड्याला आणि तिथून आदिलशाहीत, असा तिचा प्रवास झाला. तोफ गेली, पण जड शस्त्रांशी नगरचं नातं काही तुटलं नाही. आज भारतीय लष्कराच्या रणगाडा दलातला प्रत्येक जवान आणि अधिकारी आपल्या नोकरीत कधी ना कधी या गावाचं पाणी पितो. सरकारदरबारी हे शहर आता अहिल्यानगर झालं आहे. जुन्या सवयीने इथे नगर म्हणतो.

या गावाला लष्कर का लाभलं, ते भुईकोट किल्ल्यापाशी उभं राहिलं की समजतं. भोवती डोंगरकड्याचा आधार नाही, सगळी सपाटी. म्हणून सारी भिस्त तट, बुरूज आणि रुंद खंदकावर. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमदने १४९० साली नगर वसवलं. किल्ल्याचं आजचं दगडी रूप हुसेन निजामशहाच्या काळातलं, १५५९ नंतरचं. याच तटावरून चांदबीबीने १५९५-९६ मध्ये शहजादा मुरादच्या मोगली फौजेला थोपवलं. सुरुंगाने तटाला खिंडार पडल्यावर ती स्वतः तिथे उभी राहिली आणि रातोरात ते बुजवून घेतलं, ही हकिकत नगरच्या पोरांना शाळेत जाण्याआधीच माहीत असते. पुढे १७०७ साली औरंगजेबाने शेवटचा श्वास घेतला तोही इथेच, भिंगारजवळच्या छावणीत. त्याचं दफन खुलताबादला झालं.

ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली नगरवर चालून आला, तेव्हा किल्ला दौलतराव शिंद्यांकडे होता. ८ तारखेला इंग्रजांनी शिड्या लावून पेठ घेतली आणि १२ तारखेला किल्ला पडला. पुढच्या महिन्यात असईची लढाई झाली. हाच वेलस्ली नंतर ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला.

मला मात्र १८०३ पेक्षा १८१७ हे साल अधिक महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी जून महिन्यात इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाच्या गळ्यात पुण्याचा तह बांधला. त्या तहाने नगरचा किल्ला कायमचा कंपनीकडे गेला. त्याच तहाने पेशव्याच्या मुलखाच्या उत्पन्नावर इंग्रजी हुकमतीखालचं घोडदळ उभारायचं ठरलं. ते घोडदळ म्हणजे पूना ऑक्झिलिअरी हॉर्स, आजची पूना हॉर्स. एकाच कागदावर पेशव्यांनी किल्लाही गमावला आणि पलटणीचा खर्चही सोसला. मराठी माणसाला हे वाचताना आजही बोचतं.

आता त्या पलटणीचं पुढे काय झालं ते पाहा. घोडे गेले, रणगाडे आले. सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर लेफ्टनंट कर्नल अर्देशिर बुर्झोरजी तारापोर या पलटणीचं नेतृत्व करत होते. मुंबईत जन्मलेला आणि पुण्यात शिकलेला हा पारशी अधिकारी जखमी होऊनही मागे गेला नाही आणि १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडला. पूना हॉर्सने लढाईच्या सहा दिवसांत शत्रूचे ६० रणगाडे फोडले आणि आपले नऊ गमावले, अशी त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात नोंद आहे. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतर नदीपाशी याच पलटणीचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल असाच लढला. जन्म पुण्याचा, वय २१. पेटलेला रणगाडा सोडून देण्याचा हुकूम आला, तेव्हा माझी तोफ अजून चालते आहे, असं वायरलेसवर सांगून तो आत थांबला आणि लढता लढता गेला. त्यालाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्याचा ‘फामागुस्टा’ हा सेंच्युरियन रणगाडा आज नगरला, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलच्या आवारात जपून ठेवला आहे. ज्या तहाने नगरचा किल्ला गेला, त्याच तहातून जन्मलेल्या पलटणीचा रणगाडा स्वतंत्र भारताची ठेव म्हणून नगरमध्ये आला. या शहराच्या इतिहासात मला याहून मोठी गोष्ट दिसत नाही.

किल्ल्याने मधल्या काळात कैदीही पाहिले. बोअर युद्धातले कैदी इथे आणले गेले, पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिक नगरला डांबले गेले. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच आत आली. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. नेहरूंनी १९४४ साली पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथे लिहिलं. आझादांची ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रंही याच भिंतींआड लिहिली गेली.

रणगाडे नगरला रुजले ते इथल्या जमिनीमुळे आणि हवेमुळे. पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख, मुरमाड माळ, लांबवर मोकळी जागा. चिखलात रुतण्याची धास्ती कमी आणि तोफा डागायला भरपूर अंतर. १९४८ साली रणगाडा दलाचं केंद्र आणि प्रशिक्षण संस्था इथे एकत्र आली. चालक, तोफची आणि वायरलेसवाला इथे घडतात. तीन-चार माणसांनी एका पोलादी पेटीत एका जिवाने वागायचं, हे खरं शिक्षण. एप्रिल १९७९ मध्ये मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंट उभी राहिली. जुन्या नामांकित पायदळ पलटणींना चिलखती वाहनांवर चढवून ती बनली, आणि तिचंही केंद्र नगरलाच आहे. नगरकर त्याला नुसतं ‘एमआयआरसी’ म्हणतात. या रेजिमेंटमध्ये साऱ्या देशातली मुलं येतात. भिंगारच्या दुकानदाराला पंजाबीपासून तमिळपर्यंत चार शब्द येतात ते उगाच नाही.

तिसरी संस्था व्हीआरडीई, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेची वाहनांची प्रयोगशाळा. तिची मुळं रावळपिंडीजवळच्या चकलाल्यात. फाळणीनंतर ती नगरला आली. आठ चाकांचं चिलखती वाहन ‘व्हॅप’ इथल्या शास्त्रज्ञांनी टाटांच्या साथीने घडवलं. आपल्या रस्त्यावरच्या साध्या गाड्यांची नियमानुसार चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याचा अधिकारही या संस्थेला आहे.

पण या वैभवाची किंमत कोण मोजतं, हेही सांगायला हवं. के. के. रेंज या लष्कराच्या गोळीबाराच्या मैदानावर सराव सुरू झाला की ढग नसताना शहरात गडगडाट ऐकू येतो. शहराला तो आवाज अभिमानाचा वाटतो. नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांतल्या रेंजलगतच्या गावांना तो वेगळा ऐकू येतो. त्यांच्या काही जमिनी आधीच गेल्या आहेत आणि उरलेल्या जातील ही टांगती तलवार वर्षानुवर्षं डोक्यावर आहे. त्यांत मुळा धरणासाठी एकदा उठलेली कुटुंबंही आहेत. भंगार वेचताना न फुटलेल्या गोळ्याने माणसं गेली आहेत. सराव हवाच, त्याशिवाय सैन्य नाही. पण या शेतकऱ्यांना एकदाच, कायमचं आणि स्पष्ट उत्तर द्यायला हवं. देशासाठी त्यागाची अपेक्षा एकाच माणसाकडून दोनदा करणं अन्याय आहे.

शिर्डीला आणि शनिशिंगणापूरला जाणाऱ्या हजारो गाड्या रोज नगरवरून जातात आणि न थांबता निघून जातात. पुण्याहून नगर १२० किलोमीटर. रणगाडा संग्रहालय १९९४ पासून सर्वांना खुलं आहे. तिथे पन्नासच्या आसपास रणगाडे आणि चिलखती गाड्या आहेत. रोल्स रॉइसची चिलखती गाडी, शेरमन, जपानी रणगाडे, आपला विजयंता आणि १९६५ मध्ये पाकिस्तानकडून जिंकून आणलेला पॅटन. मुलांना पॅटनच्या चिलखताला हात लावू द्या, ते किती जाड आहे ते बोटांना कळू द्या. मग किल्ल्यात जा आणि नेहरू-आझादांच्या खोल्या पाहा. किल्ला अजूनही लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा ओळखपत्र सोबत ठेवा आणि सकाळी लवकर निघा.