मखरांतील दिवे आणि संगणकावरील ट्रान्झिस्टर

गणेशोत्सव जवळ आला कीं बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत विद्यार्थ्यांची गर्दी वाढूं लागते. मखरांतील एलईडी दिव्यांची जोडणी स्वतः करावी, दिवे मंद-तेज व्हावे, ही हौस स्तुत्यच होय. परंतु दिव्यांची पट्टी १२ व्होल्टांची, आणि आर्डुइनोसारखा बोर्ड ५ व्होल्टांवर कांहीं मिलिअँपिअरच देऊं शकणारा. म्हणून मध्यें ट्रान्झिस्टर घालावा लागतो. बेसमधील अल्प प्रवाहानें कलेक्टरमधील मोठा प्रवाह सोडावयाचा किंवा अडवावयाचा, एवढेंच त्याचें काम.

हौशी मंडळींच्या डब्यांत बहुधा बीसी ५४७ असतो. त्याची मर्यादा १०० मिलिअँपिअर. पट्टींत तीन-तीन दिव्यांचे दहा गट असले आणि प्रत्येक गट २० मिलिअँपिअर घेत असला, तर बेरीज २०० होते. म्हणजे बरोबर दुप्पट! येथें दीड अँपिअरची मर्यादा असलेला बीडी १३९ घेणेंच इष्ट.

नवल असें कीं, हीच जोडणी संगणकावर मांडली तर बीसी ५४७ देखील खुशाल चालतांना दिसतो. असे प्रयोग बहुधा स्पाइसच्या आधारें होतात. हा प्रोग्रॅम १९७३ सालीं अमेरिकेंतील बर्कले येथें पुढें आला. मुंबईच्या आयआयटीनें विनामूल्य दिलेला ई-सिम हाही त्याच घराण्यांतला. त्यांतील ट्रान्झिस्टर म्हणजे समीकरणांचा संच, आणि समीकरणें जळत नाहींत. निराळें न सांगितल्यास तापमानही २७ अंशच धरलें जातें. पुठ्ठ्याच्या मखरामागें बंद जागेंत रात्रंदिवस सांचणारी उष्णता त्याच्या हिशेबीं नसते. घरांतल्यांना काळजी असते ती नेमकी तिचीच.

दुसरी अडचण गुणकाची. १५० मिलिअँपिअरवर बीडी १३९चा गुणक ४० ते २५० यांमध्यें कोठेंही असूं शकतो. संगणकावरील नमुन्यांत मात्र एकाच नगाचा स्वभाव उतरलेला असतो. बेसला १००० ओहमचा रेझिस्टर लावला तर तेथें पट्टी पूर्ण उजळेल. विकत आणलेला नग ४० गुणकाचा निघाल्यास बेसच्या ४·३ मिलिअँपिअरांवर जेमतेम १७२ मिलिअँपिअर वाहतील. उजेड उणावेल आणि ट्रान्झिस्टर तापेल. म्हणून कलेक्टरच्या प्रवाहाचा सुमारें दहावा हिस्सा बेसला द्यावा. येथें २२० ओहम पुरे. संगणकावर गुणक मुद्दाम ४० व तापमान ६० अंश घालून पाहावें, आणि येणारा प्रवाह माहितीपत्रकांतील मर्यादेशीं स्वतःच ताडावा.

दोघांच्या पायांचा क्रमही निराळा. छापील बाजू समोर धरली असतां बीसी ५४७चे कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात, तर बीडी १३९चे एमिटर, कलेक्टर, बेस. जोडणी झाल्यावर पट्टी पूर्ण तेजानें पेटवून कलेक्टर व एमिटर यांमधील व्होल्ट मल्टिमीटरनें मोजावे. ते अर्ध्याहून अधिक भरल्यास पट्टी बंद करून प्रथम बेसचा रेझिस्टर तपासावा.